घरच्या कॉम्प्युटरचं अँटिव्हायरस: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे आणि तो आम्ही तिघं वापरतो. मी त्यावर ऑफिसचं उरलेलं काम करते, मुलगा अभ्यास आणि गेम, आणि बाबा त्यांचे हिशेब, ईमेल आणि जुने फोटो. अकरा महिन्यांपूर्वी हा कॉम्प्युटर नवा आला तेव्हा त्यात एका नावाजलेल्या कंपनीचं अँटिव्हायरस चाचणीपुरतं आधीच टाकलेलं होतं. मुदत संपत आली तशी 'तुमचं संरक्षण संपणार' म्हणून रोज सूचना यायला लागली. मी फार विचार न करता वर्षभराचे पैसे भरले. पाच महिने ते वापरलं, मग काढून टाकलं. गेले सहा महिने विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर आमचं चाललं आहे.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. व्हायरस पकडण्यात ते विकतचं अँटिव्हायरस कमी पडलं असं मला एकदाही दिसलं नाही. मी ते काढलं त्याची कारणं वेगळी आहेत, आणि घेण्याआधी ती मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बाबांनी त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर क्लिक केलं आणि काहीच उघडलं नाही. आयकॉनचं चित्र जाऊन तिथे नुसता कोरा पांढरा कागद दिसत होता. हा प्रोग्रॅम ते कित्येक वर्षं वापरतात. "माझ्याच हातून काहीतरी पुसलं गेलं असणार," असं ते दोनदा म्हणाले. मी तासभर शोधलं. शेवटी अँटिव्हायरसच्या आत, तीन पानं उघडून गेल्यावर, क्वारंटाइनच्या, म्हणजे संशयित म्हणून वेगळ्या काढून ठेवलेल्या फाइलींच्या, यादीत तो सापडला. रात्रीच्या स्कॅनमध्ये उचलला होता. धोक्याच्या नावाच्या शेवटी 'जेन' लिहिलेलं, म्हणजे जेनेरिक: ओळखीचा ठरावीक व्हायरस नव्हे, तर तसल्या प्रकारासारखं काहीतरी दिसलं म्हणून उचललेलं. जुना प्रोग्रॅम, त्यावर कंपनीची डिजिटल सही नाही, जगात वापरणारे मोजकेच, त्यामुळे संशय येणं मी समजू शकते. अशी चूक कुठल्याही अँटिव्हायरसकडून होते. पण व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा झाकणारी सेवा) घ्या, सफाई करून घ्या, पुढचं पॅकेज घ्या, असं सांगणाऱ्या खिडक्या रोज उघडत होत्या, आणि माझ्या वडिलांचा प्रोग्रॅम उचलून ठेवल्याचं मात्र कुणी सांगितलं नाही. मला खरा राग आला तो याचा.

त्यानंतर मी चाचणी घेणाऱ्या संस्थांचे निकाल नीट वाचायला शिकले. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या त्यातल्या दोन जुन्या आणि विश्वासाच्या. एव्ही-टेस्ट तीन बाबतींत प्रत्येकी ६, असे एकूण १८ पैकी गुण देते: संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावर होणारा परिणाम आणि वापरण्यातली सोय. घेताना मी फक्त पहिला आकडा बघितला होता. पण वरच्या फळीतल्या अँटिव्हायरसमध्ये तिथे जेमतेम फरक असतो. घरात रोज जाणवतो तो दुसरा आणि तिसरा आकडा. तिसऱ्यात मुख्यतः खोट्या धोक्यांची मोजणी असते, म्हणजे चांगली फाइल व्हायरस समजून किती वेळा उचलली. बाबांच्या प्रोग्रॅमचं जे झालं ते त्याच रकान्यातलं. शिवाय एकाच निकालावर जाऊ नका, लागोपाठचे चार-पाच निकाल बघा, म्हणजे सातत्य कळतं.

पण काढून टाकायचा निर्णय झाला तो पाचव्या महिन्यातल्या एका दुपारी. बाबांनी आतून हाक मारली, "अगं, याला काहीतरी झालंय, लवकर ये." मी गेले तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खिडकी होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब नूतनीकरण करा. खाली फोन नंबर, आणि बाबांनी मोबाइल हातात घेतलेला. "बाबा, काहीही दाबू नका," म्हणत मी खुर्ची ओढली. नाव वाचलं तर आमच्या अँटिव्हायरसचं नव्हतंच, दुसऱ्याच कंपनीचं होतं. बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एका अनोळखी साइटचा पत्ता होता. कधीतरी कुठली तरी साइट उघडताना 'नोटिफिकेशन दाखवू का' या प्रश्नाला 'अलाउ' म्हटलं गेलं होतं, आणि ती साइट आता कोपऱ्यात खिडक्या उघडत होती. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हताच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून त्या साइटची परवानगी काढली, आणि खिडक्या थांबल्या. एवढंच काम होतं. पण तो फोन लागला असता तर पलीकडच्या माणसाने कॉम्प्युटर दुरून हाताळायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं असतं, आणि पुढे काय होतं ते आपण बातम्यांमध्ये वाचतोच.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला हे खरं का वाटलं?" ते म्हणाले, "रोज येतंच की असं. आज जरा जास्त लाल होतं."

त्यांचं उत्तर अगदी बरोबर होतं. ज्याचे आम्ही पैसे भरले होते तेच अँटिव्हायरस त्याच कोपऱ्यात, त्याच घाईच्या भाषेत, रोज काहीतरी विकत होतं. पाच महिने ते बघून खरी सूचना आणि खोटी सूचना यांतला फरक आमच्या घरात पुसला गेला होता. तेव्हापासून माझी पहिली कसोटी हीच आहे: अँटिव्हायरसने इतकं कमी बोलावं की ते बोललं तर घरातल्या सगळ्यांनी थांबून ऐकावं.

काढताना आणखी त्रास झाला. नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तरी विंडोज सिक्युरिटीमध्ये त्याच कंपनीचं नाव दिसत राहिलं आणि डिफेंडर आपणहून चालू होईना. दुसरं अँटिव्हायरस नोंदलेलं असलं की डिफेंडर बाजूला होतं, कारण दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला घेतली की मशीन अडखळतं. मग कंपनीच्याच साइटवरून त्यांचं रिमूव्हल टूल उतरवून पुन्हा काढलं, ब्राउझरमधलं एक्सटेन्शन हाताने काढलं, आणि खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद केलं. सॉफ्टवेअर काढलं म्हणून वर्गणी बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. पैसे भरण्याआधीच हे टूल आणि वर्गणी बंद करायचं पान सहज सापडतं का ते शोधून बघा.

डिफेंडर आहे तसं सोडलं नाही, थोडं मांडून घेतलं. रिअल-टाइम (फाइल उघडताक्षणी तपासणं), क्लाउड (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून बघणं) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रॅमला हे संरक्षण बंद करू न देणं) चालू आहेत ना ते बघितलं. नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा पर्यायही चालू केला. मग एक चाचणी केली. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ असते, जिला सगळी अँटिव्हायरस ठरवून व्हायरस मानतात. मी ती नोटपॅडमध्ये हाताने टाइप केली. तिसरं अक्षर शून्य नसून मोठं ओ आहे, तिथे मी एकदा चुकले. नीट टाइप करून सेव्ह केल्याबरोबर सूचना आली आणि फाइल गेली. यातून अँटिव्हायरस उत्तम आहे हे ठरत नाही, पण ते जागं आहे आणि पकडल्यावर सांगतं, हे कळतं. बाबांच्या प्रोग्रॅमनंतर मला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'चा. हे मुळात बंद असतं, रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या खाली जाऊन चालू करावं लागतं. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करतं म्हणजे त्या पुन्हा लिहितंच, तेव्हा ते इथे अडतं. बाबांच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला एकदा परवानगी द्यावी लागली, मुलाच्या दोन गेमना द्यावी लागली. सुरुवातीचे दोन आठवडे हे अधूनमधून करावं लागतं, पुढे फारसं नाही.

दुसरा मोठा बदल म्हणजे बाबांचं आणि मुलाचं साधं युजर खातं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. चौथ्याच आठवड्यात मुलगा गेमचा एक मॉड (गेममध्ये बदल करणारी, इतरांनी बनवलेली जोड) घेऊन आला. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. त्याच्या खात्यातून ते होत नव्हतं म्हणून तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी बसून ती फाइल व्हायरसटोटलवर टाकली, तिथे एकच फाइल कित्येक अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. बऱ्याच जणांनी पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर म्हणून ती ओळखली. मुलाने स्वतःच ती डिलीट केली. (तिथे घरची कागदपत्रं कधी टाकू नका, चढवलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होतात.)

फाइलींची पूर्ण नावं दिसतील असंही करून ठेवलं. २००० साली आयलव्हयू हा व्हायरस ईमेलमधून पसरला त्यात नावं अर्धवट दिसण्याचाही हातभार होता. फाइलच्या नावात शेवटी 'व्हीबीएस' होतं, म्हणजे ती क्लिक करताच चालणारी प्रोग्रॅमची फाइल होती, पण विंडोज ते लपवायचं, त्यामुळे लोकांना ते साधं टेक्स्ट पत्र वाटलं.

अपडेटच्या बाबतीत मी आता अजिबात चालढकल करत नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. आणि बॅकअप एक्सटर्नल डिस्कवर, तीही कामापुरतीच जोडायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद करतं.

फुकटचं तिसरं अँटिव्हायरस घेऊ का, असं मला भावाने विचारलं. मी त्याला म्हटलं, कंपनी कमावते कशातून ते आधी बघ. अव्हास्ट या फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या कंपनीने गोळा केलेली लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या तिच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. ती उपकंपनी २०२० मध्ये बंद केली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याबद्दल अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले. अँटिव्हायरसला आपण घराच्या प्रत्येक खोलीची किल्ली देतो, म्हणून त्याचं प्रायव्हसीचं पान वाचायला दहा मिनिटं द्यावीत.

विकतचं कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे विंडोज, मॅक, फोन अशी पाच-सहा उपकरणं आहेत आणि सगळं एका जागेवरून बघायचं आहे, मुलांच्या वापरावर बारीक नियंत्रण हवं आहे, किंवा अडचण आली की बोलायला माणूस हवा आहे, त्यांनी जरूर घ्यावं. फक्त आधी चाचणीची प्रत घेऊन, जाहिरातीच्या सूचना बंद करता येतात का ते त्याच आठवड्यात तपासावं. येत नसतील तर मी तरी घेणार नाही. आणि कुठलंही घेतलं तरी खोट्या साइटवर आपण स्वतः टाइप केलेला पासवर्ड ते परत आणून देत नाही. त्यासाठी आम्ही ईमेलला आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावली.

गेल्या महिन्यात बाबांना एक ईमेल आला, सोबत बिल म्हणून झिप फाइल. त्यांनी ती उतरवली आणि धोका सापडल्याची सूचना आली, कित्येक आठवड्यांतली पहिली. मी ऑफिसात होते, त्यांनी फोन केला नाही. खिडकीवर क्लिक न करता घड्याळाशेजारची विंडोज सिक्युरिटीची ढाल स्वतः उघडली, प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये तीच नोंद आहे का ते बघितलं, आणि फाइलचं नाव, तारीख, वेळ त्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवली. संध्याकाळी मी आल्यावर वही पुढे केली आणि म्हणाले, "हे खरं होतं."