नोकरी करत एचआरची मास्टर्स: फुल टाइम, संध्याकाळची बॅच की डिस्टन्स?

एचआरमध्ये दोन-चार वर्षं काढली की हा प्रश्न येतोच. बी.कॉम. नाहीतर बी.ए. करून टाइम ऑफिसला किंवा रिक्रूटमेंटला चिकटलो, हजेरी, पगार, पीएफ सगळं हातचं झालं, पण वरच्या पोस्टच्या जाहिरातीत "एमबीए एचआर / एमपीएम / एमएसडब्ल्यू" असं छापलेलं असतं, म्हणजे मास्टर्सच मागतात, आणि तिथेच गाडी अडते. मग पर्याय तीन. नोकरी सोडून दोन वर्षं फुल टाइम, नोकरी करत संध्याकाळची पार्ट टाइम बॅच, नाहीतर डिस्टन्स किंवा ऑनलाइन. सगळे पहिल्यांदा फी विचारतात. माझं म्हणणं, फी शेवटी विचारा, आधी हे ठरवा की तुमची डिग्री पुढे तपासणार कोण. बँक तपासणार, सरकारी खातं तपासणार, कारखान्यातला प्लांट हेड तपासणार की आयटी कंपनीचं सॉफ्टवेअर, यावर उत्तर पार बदलतं.

फुल टाइमपासून सुरू करू. मुंबईतली टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), जमशेदपूरची एक्सएलआरआय, पुण्यातली सिम्बायोसिसची एससीएमएचआरडी, ही एचआरमधली मोठी नावं. टिसची सुरुवात १९३६ची, समाजकार्याची संस्था म्हणून, त्यामुळे तिथल्या एचआरला कामगार प्रश्नाचा पाया आहे आणि कोर्सच्या नावातसुद्धा लेबर रिलेशन्स आहे. एक्सएलआरआय १९४९ची. टिसच्या एचआर कोर्सला आता कॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, एक्सएलआरआयला झॅट, सिम्बायोसिसला स्नॅप, म्हणजे नोकरी सोडायच्या आधीच एक वर्ष नोकरी सांभाळून क्वांट आणि व्हर्बल (गणित आणि इंग्रजी) करायचं आहे हे लक्षात घ्या, तो भाग कोणी मोजत नाही. खासगीतल्या मोठ्या कॉलेजांची दोन वर्षांची फी आता वीस लाखांच्या पुढे जाते. त्यात बुडालेला पगार धरा. महिना ३५ हजार हातात येत असतील तर २४ महिन्यांचे ८ लाख ४० हजार होतात, मधली इन्क्रिमेंट वेगळीच. कर्ज काढलं तर व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाची सूट आहे, पण ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच, नव्यात नाही.

एवढे पैसे कशाचे? खरं सांगायचं तर अभ्यासाचे कमी आणि प्लेसमेंटचे जास्त. जे मोटिव्हेशनचे सिद्धांत तिथे शिकवतात तेच बाकीकडेही शिकवतात. फरक असा की कॅम्पसवर येणारी कंपनी तुम्हाला थेट मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून उचलते, प्लांटमधल्या ज्युनियर ऑफिसरला तिथवर पोचायला कितीतरी वर्षं जातात. म्हणून चोविशी-पंचविशीत असाल, घरी पगाराची फार गरज नसेल आणि वरच्या दहा-बारा कॉलेजांपैकी एक मिळत असेल तर डोळे झाकून जा. पण त्या खालच्या कॉलेजात, जिथे प्लेसमेंट म्हणजे इन्शुरन्सचं सेल्स आणि कन्सल्टन्सीत फोन फिरवायचं काम, तिथे चालू नोकरी सोडून जाणं मला तरी पटत नाही, नंतर परत पंचवीस हजारावरच सुरुवात करायची तर मग सोडली कशाला?

फुल टाइमची एक बाजू मात्र अशी आहे की तिथे दुसरा पर्याय चालतच नाही. सरकारी बँकांत एचआर ऑफिसर व्हायचं असेल तर आयबीपीएसच्या (बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेत पात्रता म्हणून दोन वर्षांचा फुल टाइम पीजी किंवा पीजी डिप्लोमा मागतात, आणि वयाची अट तीसपर्यंत. तिथे डिस्टन्सवाला फॉर्मच्या पायरीवरच अडकतो. त्यामुळे बँकेचं स्वप्न असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, जाहिरात काढून पात्रतेचा परिच्छेद नीट वाचा आणि ठरवा.

आता संध्याकाळची बॅच. हा खास मुंबईचा प्रकार. मुंबई विद्यापीठाचा एमएचआरडीएम हा एचआरचा तीन वर्षांचा पार्ट टाइम मास्टर्स, चर्चगेटच्या जमनालाल बजाजपासून बऱ्याच कॉलेजांत चालत आलेला, नोकरीचा अनुभव मागतात आणि वर्ग ऑफिस सुटल्यावर नाहीतर वीकेंडला. मला हा पर्याय मनापासून आवडतो, कारण वर्गात शेजारी बसलेला माणूस एखाद्या फार्मा कंपनीत कॉम्पेन्सेशन बघत असतो, मागच्या बाकावरची बाई हॉटेलमध्ये युनियनशी करार करून आलेली असते, आणि सरांनी युनियनच्या सेटलमेंटवर (करारावर) काही सांगितलं की तीच हात वर करून म्हणते, सर असं होत नाही. ही ओळख पुढे नोकरी बदलताना कामाला येते. रेफरल इथूनच मिळतात.

पण लोकलचं गणित आधी करा. फोर्टला ऑफिस आणि चर्चगेटला कॉलेज असेल तर मजा आहे. तळोज्याला प्लांट, बस सुटते साडेपाचला, आणि सात वाजता दक्षिण मुंबईत वर्ग, असं असेल तर पहिली सेमिस्टर उत्साहात जाईल, दुसरीत हजेरी कमी पडेल. वीकेंड बॅच घेतली तर रविवार जातो. (ज्या रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना घेऊन भांडण केलं आणि १८९०मध्ये ती मिळवली, तीच सुट्टी आपण कामगार कल्याण शिकायला घालवतो, यावर एचआरवाल्यांनी हसून घ्यावं.) लोखंड्यांच्या नावाची परळची महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ लेबर स्टडीज ही संस्थाही बघून ठेवा, कामगार कायदा आणि आयआर (मालक-कामगार संबंध) हाच ज्यांचा रस आहे त्यांच्यासाठी तिथला मास्टर ऑफ लेबर स्टडीज हा एमबीएपेक्षा जास्त कामाचा आहे असं माझं मत.

तिसरा, आणि आपल्यातले बहुतेक जण शेवटी जिथे येतात तो, डिस्टन्स. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एमबीए एचआरएम, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आणि आता मोठ्या विद्यापीठांचे ऑनलाइन एमबीए. इग्नूला ओपनमॅट ही परीक्षा बंद झाल्यापासून प्रवेश परीक्षा नाही, ग्रॅज्युएशनला खुल्या गटात ५० टक्के हवेत, दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत ताणता येतो आणि सगळी फी लाखाच्या आत बसते. ही चार वर्षांची सवलत फार मोठी आहे. लग्न, बाळंतपण, बदली, घरातलं आजारपण, काहीही मधे आलं तरी वर्ष वाया जात नाही.

"डिस्टन्सला व्हॅल्यू नाही" हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्टच केलंय की मान्यता असलेल्या संस्थेची डिस्टन्स आणि ऑनलाइन डिग्री ही नेहमीच्या डिग्रीला समकक्ष. प्राध्यापकीची नेट परीक्षा द्यायची तरी चालते, पीएच.डी.लाही चालते. पण समकक्ष म्हणजे खासगी कंपनीने घ्यायलाच पाहिजे असं नाही. जाहिरातीत "फुल टाइम ओन्ली" टाकायला त्यांना कोणी अडवत नाही आणि काही कंपन्या टाकतातच. माझ्या बघण्यात असं आहे की फ्रेशरच्या बाबतीत हा फरक खूप पडतो आणि सहा-सात वर्षं अनुभव असलेल्याच्या बाबतीत जवळजवळ संपतो, तिथे पीजी आहे का नाही एवढाच रकाना भरायचा असतो, इंटरव्ह्यू होतो तो तुम्ही किती माणसं सांभाळली यावर. म्हणजे आधीच एचआरमध्ये पाय रोवलेल्याला डिस्टन्स पुरतं, आणि अकाउंट्समधून किंवा बीपीओच्या फ्लोअरवरून एचआरमध्ये उडी मारायची असेल तर नुसत्या डिस्टन्सवर अवघड जातं, त्यांनी संध्याकाळच्या बॅचकडे बघावं.

फसवणूक मात्र याच भागात जास्त आहे. "सर एका वर्षात डिग्री, बॅक डेटमध्ये करून देतो" असे फोन येतात, समोरचा फार गोड बोलतो. फोन ठेवून द्या. युजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर विद्यापीठाचं नाव, त्या वर्षाची मान्यता आणि नेमका तोच कोर्स आहे का ते बघा, तिन्ही. आता प्रवेश घेताना याच ब्युरोचा डीईबी आयडी काढावा लागतो, तो न मागता कोणी पैसे भरून घेत असेल तर समजून जा.

कारखान्यातल्या लोकांसाठी वेगळं लिहितो, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या. वेल्फेअर ऑफिसरच्या (कामगार कल्याण अधिकारी) पोस्टला कुठलीही एचआर डिग्री चालते हा समज काढून टाका. त्यासाठी शिक्षण काय हवं ते राज्याच्या नियमात ठरलेलं असतं, आणि तुम्ही जो कोर्स घेताय तो त्यात बसतो का हे फी भरायच्या आधी बघायचं, कॉलेजच्या काउन्सेलरच्या तोंडी शब्दावर नाही. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर लागायचा. २१ नोव्हेंबर २०२५ला चार लेबर कोड (नव्या कामगार संहिता) लागू झाले, त्यातल्या सेफ्टीच्या कोडमध्ये हा आकडा २५० आहे, म्हणजे मधल्या आकाराच्या प्लांटलाही हा माणूस लागणार. ज्यांना घाई आहे त्यांनी मास्टर्सच्या आधी लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरचा वर्षाचा डिप्लोमा करावा, पुण्यात आयएलएससारख्या लॉ कॉलेजात तो चालत आलाय. डिप्लोमा म्हणजे मास्टर्स नाही, पण शॉप फ्लोअरवर चार्जशीट ड्राफ्ट करताना आणि डोमेस्टिक एन्क्वायरीला (कंपनीतल्या शिस्तभंगाच्या चौकशीला) बसताना यातलंच उपयोगी पडतं.

याच कोडमुळे अजून एक गोष्ट तपासा, कुठलाही कोर्स असो. जुने २९ कायदे या चारांत गेलेत. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० झाली आहे. छापील मटेरिअलमध्ये अजून १९४७चा औद्योगिक विवाद कायदाच शिकवत असतील तर परीक्षेत ते लिहा आणि कामावर दुसरं वाचा, अशी दुहेरी कसरत होईल. प्रवेशाआधी सिलॅबसची पीडीएफ मागा.

आता वेळेचं. एचआरवाल्याचा महिना बाकीच्यांसारखा नसतो. पंचवीसच्या आसपास हजेरी क्लोज करायची, सातपर्यंत पगार गेला पाहिजे, पंधरापर्यंत पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विमा) चलन. मग राहतात सोळा ते चोवीस, खरा अभ्यास त्यातच होतो, उरलेल्या दिवसांत पुस्तक नुसतं उशाशी असतं. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि महाराष्ट्रात लेबर वेल्फेअर फंडाची कपातही नेमकी जून-डिसेंबरच्या पगारातून. गुणांतले साधारण ३० टक्के असाइनमेंटचे आणि ७० परीक्षेचे, असाइनमेंट हाताने लिहायच्या, तेव्हा त्या शेवटच्या आठवड्यावर ठेवल्या की मनगट बोलायला लागतं. एका वेळी एक पेपर सोळा-चोवीसच्या खिडकीत लिहून टाकायचा.

कंपनी फी भरते म्हणाली तर आनंदाने घ्या, पण पत्र नीट वाचा. बहुतेक ठिकाणी कोर्स झाल्यावर वर्ष-दोन वर्षं थांबायचं, आधी गेलात तर पैसे परत. तुम्ही मास्टर्स करताय ते नोकरी बदलायलाच असेल, आणि खरं बोलायचं तर बहुतेकांचं तसंच असतं, तर स्वतःच्या खिशातून भरणं स्वस्त पडतं. डिस्टन्सच्या फीएवढ्या पैशांसाठी दोन वर्षं बांधून घेणं मला तरी जमणार नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो, तिथे नोकरी करणाऱ्याला खरा फायदा आहे. बाजारात रेडीमेड प्रोजेक्ट मिळतात, त्यांच्या नादी लागू नका, तोंडी परीक्षेत पाचव्या मिनिटाला उघडं पडतं. आपल्याच प्लांटमधली गैरहजेरी घ्या, भात लावणीला आणि गणपतीत ती का वाढते, कुठल्या शिफ्टला जास्त, कंत्राटी आणि पर्मनंटमध्ये काय फरक, मस्टर (हजेरीपट) तर तुमच्याच टेबलावर आहे. फक्त डेटा वापरायची परवानगी मॅनेजरकडून लेखी घ्या, आणि ती प्रपोजल पाठवायच्या आधी.