चंदेरी झुडूप लावायचंय: बफेलोबेरी की सिल्व्हरबेरी?

कॅनडात मॅनिटोबा-सास्काचेवानकडे किंवा सीमेपलीकडे मोंटाना, नॉर्थ डकोटात बाग असेल, तर चंदेरी पानांची दोन देशी झुडपं हाताशी आहेत: सिल्व्हर बफेलोबेरी आणि सिल्व्हरबेरी, म्हणजेच वुल्फ विलो. उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी दोन्ही सोसतात. दोन्हींच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवणारे जिवाणू असतात, त्यामुळे निकस जमिनीतही ती वाढतात. ऊन मात्र दोघींना भरपूर लागतं. थंडी-मातीचा प्रश्न इथेच मिटला. अडतं ते जागेवर आणि काट्यांवर.

सिल्व्हरबेरीला काटे नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला बारीक पिवळी फुलं येतात आणि त्यांचा गोड, जड वास लांबवर जातो. पण ती एका जागी राहत नाही. मुळांवरून धुमारे फुटत जातात आणि झुडपाची जाळी होते. ढासळणारा उतार धरून ठेवायला याहून चांगलं काही नाही. छोट्या वाफ्यात, फुलझाडांच्या शेजारी, मी ती लावू देणार नाही. फळं पिठूळ आणि कोरडी. त्यांच्या बियांचे मणी मात्र तिथले मूळ रहिवासी पूर्वापार ओवत आले आहेत.

बफेलोबेरी उंच वाढते, दोन ते सहा मीटर, आणि फांद्यांना टोकदार काटे असतात. मुलं खेळतात त्या वाटेवर ती नको. कुंपणासाठी, वारा अडवायला, पक्ष्यांना निवारा म्हणून तीच घ्यावी. लाल फळं आंबट-तुरट असतात, गोठवणारी थंडी पडून गेल्यावर जरा गोडावतात, आणि जेली उत्तम होते. धुमारे हिलाही फुटतात, पण आवरता येतात. मोठी मेख वेगळीच आहे: नर आणि मादी झाडं निराळी. एकटं झाड लावलं तर फळ धरणारच नाही.

रोपवाटिकेत चंदेरी पानं दिसली म्हणून रशियन ऑलिव्ह उचलू नका. ते मूळचं युरोप-आशियातलं, नदीकाठ बळकावणारं झाड. कोलोरॅडोने ते उपद्रवी तणांच्या यादीत टाकलं आहे. ओळख पानांवरून पटते. बफेलोबेरीची पानं समोरासमोर येतात, रशियन ऑलिव्हची एकाआड एक. सिल्व्हरबेरीचीही एकाआड एकच असतात, तिथे फांदीला काटा आहे का ते बघा.

साध्या घरगुती बागेसाठी माझा कौल बफेलोबेरीला. फळं हवी असतील तर नर-मादी ठाऊक असलेली, छाटांपासून केलेली रोपं मागा. बियांचीच मिळाली तर पाच-सहा एकत्र लावा.