सात दिवसांत पावणेतीन किलो, आणि मी कशी फसले

आधीच सांगते, लो कार्ब डाएट (धान्य, साखर, बटाटा यांतले कार्बोहायड्रेट म्हणजे कार्ब कमी करायचे) वाईट असतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. कार्ब कमी करून लोकांचं वजन उतरतं. मी फसले ते डाएट विकणाऱ्या एका ऑनलाइन कोचमुळे आणि थोडी माझ्या घाईमुळे पण.

जाहिरातीत होतं, सात दिवसांत वजनात फरक दिसला नाही तर सगळे पैसे परत. मला वाटलं एवढी गॅरंटी देतायत म्हणजे काहीतरी दम असणारच. सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं, कार्डचे डिटेल्स दिले आणि दुसऱ्या दिवसापासून धान्य, साखर, बटाटा सगळं बंद, दिवसाला २० ग्रॅम कार्ब. तिसऱ्या दिवशी डोकं नुसतं ठणकत होतं तर कोच म्हणाली, "ताई, फॅट जळतंय ना, म्हणून." (मीठ-पाणी कमी पडलं की होतं ते, हे नंतर कळलं.) सातव्या दिवशी काट्यावर २.८ किलो कमी! त्यांनी लगेच काट्याचा फोटो मागवला, मी मोठ्या हौसेने पाठवला. पुढे पैसे मागितले तेव्हा तोच फोटो माझ्या तोंडावर मारला, फरक दिसला होता की!

आता यातली मेख बघा. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजन (खाल्लेल्या कार्बचा शरीरातला साठा) साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. कार्ब बंद केले की हा साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे जातं, काटा धाडकन खाली येतो. म्हणजे सात दिवसांची गॅरंटी उगाच नाही, त्या आठवड्यात जवळजवळ कोणाचंही वजन उतरतंच. मी नंतर हिशोब केला, १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, मग २.८ किलो चरबी जायला रोज ३००० च्या वर कॅलरी कमी पडायला हव्यात. मी दिवसाला खर्चच करते १९००-२००० च्या आसपास! सातही दिवस कडकडीत उपाशी राहिले असते तरी एवढी चरबी गेली नसती. हे गणित तेव्हा का नाही सुचलं देव जाणे.

पुढच्या पाच आठवड्यांत गेलं ते जेमतेम एक किलो. मग कोचने सांगितलं तुम्ही कीटोसिसमध्ये नाही (म्हणजे शरीर चरबी जाळून त्यातून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं ती अवस्था), आमची पावडर घ्या आणि बोट टोचून कीटोन बघायचं मीटर घ्या, ०.५ च्या वर आकडा आला की चरबी जळतेय समजायचं. पावडर घेतल्यावर आकडा ०.७, मी खूश. एकदा वाढदिवसाला दोन मोठे तुकडे केक खाल्ला, तरी सवयीने पावडर घेतली आणि मीटर लावलं तर ०.६! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या पावडरमध्येच कीटोनचे क्षार असतात, म्हणजे आपणच प्यायलेले कीटोन रक्तात दिसणार, त्याचा आपल्या चरबीशी काय संबंध?

त्यांचे चॉकलेट बार पण तसलेच. पुढे मोठ्या अक्षरात नेट कार्ब (न पचणारे वजा करून उरलेले कार्ब) २ ग्रॅम, मागे बारीक अक्षरात एकूण कार्ब २३. फायबर आणि माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) वजा करून टाकलेलं, आणि माल्टिटॉल तर थोडंफार पचतं, रक्तातली साखरही वाढवतं.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये? फॉर्ममध्ये कंबरेचं माप होतं, कार्ड नंबर होता, पण कुठली औषधं चालू आहेत हा प्रश्नच नव्हता. माझ्या बहिणीला डायबेटिस आहे, ती पण माझं बघून सुरू करणार होती. तिच्या डॉक्टरांनी थांबवलं. तिला एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं डायबेटिसचं औषध) चालू आहे, त्यावर असे कार्ब तोडले तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन फार वाढून रक्त आम्लधर्मी होणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो म्हणे. इन्सुलिन घेणाऱ्यांची तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

नंतर शोधाशोध केली तर स्टॅनफर्डचा २०१८ चा अभ्यास सापडला, ६०९ लोक, पूर्ण वर्ष. लो कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, लो फॅटवाल्यांचं ५.३, म्हणजे म्हणावा असा फरकच नाही. वर्षाला सहा किलो, आणि मी आठवड्यातल्या पावणेतीनवर उड्या मारत होते.

पावडरचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जायचे, कॅन्सलचं बटण कुठेच नाही, शेवटी बँकेला सांगून कार्डच ब्लॉक केलं. दोन डबे अजून कपाटात पडलेत.