परदेशी मुलगी वर्षभर घरी ठेवली: आमचा अनुभव आणि तो सी फॉर्म

विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात यंदा येणाऱ्या परदेशी मुलांसाठी घर द्याल का, असा संस्थेचा फोन आम्हाला आला, तसा सोसायटीतल्या आणखी दोन घरांनाही आला. तेव्हापासून "घ्यावी का गं मुलगी?" असं जो तो विचारतोय. प्रत्येकीला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

कार्यक्रम कसा असतो ते बहुतेकांना ठाऊक आहे. शाळकरी मूल एका शैक्षणिक वर्षासाठी येतं, घरातलंच होऊन राहतं, इथल्या शाळेत जातं, आणि यजमानांना पैसे मिळत नाहीत. रोटरीच्या कार्यक्रमात मूल सहसा वर्षात दोन-तीन घरं बदलतं, आमच्या संस्थेत एकच घर असतं. संस्थेचं नाव इथे देत नाही. मुलगी इटलीची, 17 वर्षांची. जुलै 2024 मध्ये पुण्यात कोथरूडला आमच्या घरी आली आणि मे 2025 मध्ये परत गेली. तिच्याबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही.

खर्चाचं आधी सांगते, कारण विचारायचं सगळ्यांना तेच असतं. पहिले दोन महिने किराणा चांगलाच वाढला. ब्रेड, चीज, पास्ता, वर पिण्याच्या पाण्याचे जार. शॉवरमुळे गीझर चालू तो चालूच, त्याचं लाइटबिल वेगळं. मग एके दिवशी सासूबाईंनी तिला न्हाणीघरात नेऊन बादलीची अंघोळ शिकवली. आधी कढत पाणी, मग बेताबेताने विसण, हाताचा कोपर बुडवून बघायचं, मग तांब्याने खांद्यावरून. तिला ते इतकं आवडलं की शॉवर बंदच झाला. दसऱ्यापर्यंत ती भाकरी-पिठलं मागून खात होती, जार थांबले होते आणि किराणा जवळपास पहिल्यासारखा झाला होता. चार माणसांच्या घरात पाचवं माणूस आल्यावर जितका वाढायचा तितकाच खर्च. मध्यमवर्गीय घराला झेपतो.

झेपला नाही तो सी फॉर्म.

ज्याच्या घरी परदेशी माणूस मुक्कामाला येतो, त्याने 24 तासांच्या आत ते सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, तोच हा सी फॉर्म. हॉटेल असो, धर्मशाळा असो की आपला टू बीएचके. त्यासाठी आधी पोर्टलवर आपल्या घराची नोंदणी करायची, ती मंजूर व्हायची, मग लॉगिन मिळतं. त्यानंतर पासपोर्ट, व्हिसा, भारतात कधी उतरली, कुठून आली, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार, सगळं भरायचं. हे झालं की दुसरं काम. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असला की आल्यापासून 14 दिवसांत तिची स्वतःची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ती ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते, आणि तिथे शाळेचा दाखला, पत्त्याचा पुरावा यांच्याबरोबर सी फॉर्मही मागतात. म्हणजे पहिला कागद अडला की पुढचं सगळं अडतं.

संस्थेने आमचं शिबिर घेतलं होतं. त्यात मुलांना घरची आठवण आली तर काय करावं, त्यांच्या खोलीत जाताना दार वाजवावं का, यावर अख्खी दुपार गेली. सी फॉर्मचा विषयसुद्धा निघाला नाही. मुलगी संध्याकाळी घरी आली आणि रात्री जेवणं झाल्यावर समन्वयकांचा व्हॉट्सअॅप आला, "सी फॉर्म भरून स्क्रीनशॉट पाठवा." घराची नोंदणीच नाही तर फॉर्म कुठला भरणार? दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑफिसला दांडी मारली आणि लाइटबिल, आधार, सोसायटीचं पत्र गोळा करत फिरले. तेव्हा माझा राग सरकारवर होता. पाहुणा आला तर पोलिसांना कशाला कळवायचं, हेच मला पटत नव्हतं.

ते मत आठवड्याभरातच बदललं. 25 जुलैला पुण्यात काय झालं ते आठवत असेल. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत ते शिरलं. आमच्याकडे काही झालं नाही, पण बातमी इटलीत पोचली. तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. तिने समन्वयकांना फोन लावले, ते लागेनात. शेवटी ती मुलीच्या मोबाइलवर आमच्याशी बोलली, मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये रडत. तेव्हा मला वाटलं, परक्या देशात आपली पोर आज रात्री कुणाच्या छपराखाली आहे, हे कुठेतरी अधिकृत लिहिलेलं असणं बरंच आहे. नियम योग्य आहे. नंतर पोलिसांच्या विशेष शाखेचे एक जण पडताळणीला आले. त्यांनी चहा घेतला, मुलीला मराठीत नाव विचारलं, तिने मराठीतच सांगितलं, ते खूश होऊन गेले.

खरा घोळ गणपतीत झाला. आत्याचं घर गुहागर तालुक्यात. मुलीला न्यायचं म्हणून आम्ही संस्थेची प्रवासाची परवानगी रीतसर काढली, तिच्या आई-वडिलांची संमतीही आली. आत्याच्या घरी पोचलो, अंगणात पाय धुतले, तोच मेसेज, "तिथल्या घराचा सी फॉर्म पाठवा." म्हणजे आत्याने पोर्टलवर घर नोंदवायचं, तेही गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, जिथे मोबाइलला रेंज फक्त माडीच्या खिडकीत येते! परवानगीचा अर्ज महिनाभर त्यांच्याकडे होता. त्यात हे एक वाक्य लिहायला काय लागत होतं?

आत्याचा मुलगा सकाळी प्राणप्रतिष्ठा सोडून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसला. तिथल्या हवालदारांनी समजुतीने सगळं करून दिलं, म्हणून निभावलं. आत्याच्या दारात पोलिसांची कटकट आणली, याने मी इतकी कानकोंडी झाले की दोन घास नीट गेले नाहीत. आत्या मात्र शांत होती. तिने मुलीला चुलीपाशी पाटावर बसवून उकड मळायला दिली होती. तुपाचा हात लावायचा, पारी बोटांनी पातळ करत न्यायची, कळ्या काढायच्या, सारण भरून तोंड मिटायचं. मुलीचे पहिले मोदक फुटले. आत्याने तेच नैवेद्याच्या ताटाशेजारी वेगळ्या वाटीत ठेवले आणि दुपारी सगळ्यांना आग्रहाने वाढले. रात्री वाडीतल्या घराघरांतून आरत्या करत फिरताना मुलीच्या हातात झांजा होत्या. प्रत्येक घरी काहीतरी हातावर पडत होतं आणि "आमच्याकडे जेवूनच जा" असं म्हणत नव्हतं असं एकही घर नव्हतं.

म्हणूनच चीड येते. लोक असे जीव लावायला तयार असतात आणि त्यांना ऐनवेळी गुन्हेगारासारखं धावायला लागतं, केवळ आधी सांगायचं ते कुणी सांगत नाही म्हणून. पुण्याला आल्यावर मी संस्थेला लेखी विचारलं. उत्तर आलं की ही यजमानांची जबाबदारी आहे. कायद्याने असेल, पण ती सांगायची जबाबदारी कोणाची? मुलीच्या घरच्यांकडून कार्यक्रमाचे पैसे कोण घेतं? बऱ्याच मेलांनंतर दिवाळीच्या सुमारास एक पानाची माहिती आली, तीही इंग्रजीत. मी ती मराठीत करून सगळ्या यजमानांच्या ग्रुपवर टाकली.

तेव्हा घ्यावी का मुलगी? जरूर घ्या, आम्हीही यंदा हो म्हटलंय. मात्र सही करण्याआधी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या. घराची पोर्टलवर नोंदणी मूल यायच्या किमान पंधरा दिवस आधी ते तुमच्याबरोबर बसून करतील. मूल नातेवाइकांकडे जाणार असेल तर परवानगीच्या पत्रातच तिथल्या सी फॉर्मचं लिहून देतील. आणि अडीअडचणीला रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. आता परदेशी नागरिकांसंबंधीचा कायदाही बदललाय, 1 सप्टेंबर 2025 पासून नवा लागू झालाय, त्यात सी फॉर्मचं नाव फॉर्म 3 झालंय, पण 24 तासांची अट तशीच आहे. आम्ही या तीनही गोष्टी मागितल्यात. पहिल्या दोन मिळाल्या. नंबर अजून आलेला नाही, तो आल्याशिवाय सही करणार नाही असं कळवलंय.