लिंकनचं घर, स्प्रिंगफील्ड: वकिलाचं घर म्हणून बघा

शिकागोला लेकीकडे आलोय, तिथून गाडीने साधारण 200 मैलांवर स्प्रिंगफील्ड, तिथलं अब्राहम लिंकनचं घर बघून आलो आणि अजून तेच डोक्यात घोळतंय. आपल्याकडे लिंकन म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं (ते त्याचंच असल्याचा पुरावा कुठे नाहीये खरं तर), पण इथे भेटतो तो पोटापाण्यासाठी राबणारा वकील.

आयुष्यात त्याने स्वतःचं म्हणून घेतलेलं हे एकच घर, 1844 मधलं. शाळा सगळी मिळून वर्षभरसुद्धा झाली नव्हती, पुस्तकं वाचून वाचून 1836 मध्ये वकिलीचा परवाना मिळवला, आणि मग वर्षातून दोनदा घोड्यावरून नाहीतर बग्गीतून गावोगावच्या कोर्टात, आठवडेच्या आठवडे घराबाहेर. इलिनॉय सेंट्रल रेल्वेची टॅक्सची केस जिंकून दिली तर फी मिळेना, शेवटी आपल्याच अशिलावर दावा लावून 5000 डॉलरची फी वसूल केली, 1857 मध्ये! मधे 2 वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाऊन आला, 1858 ला सिनेटची जागा प्रतिस्पर्धी डग्लसकडे गेली, आणि 1860 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्याचं सांगायला पक्षाची माणसं आली ती इथल्याच दिवाणखान्यात.

पण मी खरा थबकलो तो वरच्या खोलीत. खिडकीजवळ त्याचं लिहायचं टेबल आहे, इतकं छोटं की 6 फूट 4 इंचाचा माणूस तिथे गुडघे कसे मावत असतील कळत नाही. जिन्याचा कठडा त्याच्या वेळचा, त्याला हात लावू देतात, मी वर जाताना आणि उतरताना दोन्ही वेळा मुद्दाम धरून चाललो. चार वर्षांचाही न झालेला त्याचा मुलगा एडी 1850 मध्ये याच घरात गेला, तेव्हा हे घर दीडमजलीच होतं, वरचा पूर्ण मजला 1856 चा. हे ऐकलं आणि हिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिकीट फुकट आहे, कारण मुलगा रॉबर्टने 1887 मध्ये घर सरकारला देताना अटच घातली की नीट राखायचं आणि बघायला पैसे घ्यायचे नाहीत. मात्र आधी व्हिजिटर सेंटरमधून तिकीट घ्या, आत रेंजरबरोबरच (तिथला माहिती देणारा कर्मचारी) सोडतात. गुडघेदुखीवाल्यांनी जिन्याचा विचार करून जा. आणि लगेच परत फिरू नका, भागीदार हर्नडनबरोबरचं त्याचं वकिलीचं ऑफिस पण जवळच आहे, तेही बघाच.