३००चं आउटबोर्ड घ्यायचंय, पण कुठलं? यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा शेजारी शेजारी ठेवून

टॅम्पातल्या (फ्लोरिडा) आमच्या मराठी ग्रुपवर एका मित्राने विचारलं, २६ फुटी सेंटर कन्सोल (मधोमध स्टिअरिंग असलेली उघडी बोट) घेतोय, मागे एकच ३०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागे लटकणारं इंजिन, लावायचंय, कुठलं लावू. अर्ध्या तासात वीसेक उत्तरं आली आणि जवळपास सगळ्यांचा अर्थ एकच, माझ्याकडे आहे तेच बेस्ट. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न दर सीझनला कुणीतरी विचारतंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काउलिंगवरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा) ३०० हा आकडा सगळ्यांचा सारखाच असतो, पण तो आकडा कसा काढलाय ते प्रत्येकाचं वेगळं आहे, कुणी इंजिन मोठं केलं, कुणी हवा कोंबली, कुणी गिअर बदलून पंखाच (प्रॉपेलर) मोठा लावला, आणि बोटीवर तुम्हाला जो फरक जाणवतो तो ह्याच्यातूनच येतो.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकात मोठी पॉवर म्हणजे टू-स्ट्रोकच, हलकं आणि उचल जबरदस्त, पण सिलेंडरमध्ये गेलेल्या पेट्रोलचा चांगला पाव हिस्सा न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जायचा. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण खात्याने) नियम आणला की २००६ पर्यंत नव्या आउटबोर्डचं हायड्रोकार्बन प्रदूषण ७५ टक्के कमी झालं पाहिजे, आणि कंपन्यांची धावपळ सुरू झाली. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टू-स्ट्रोकने बराच काळ झुंज दिली, शेवटी २०२० मध्ये तशी इंजिनं बनवणाऱ्या एव्हिनरूडचं उत्पादनच बंद झालं (आमच्या मरीनावरचे दोन काका अजून त्याचं सुतक पाळतात). फोर-स्ट्रोकची अडचण म्हणजे त्यात सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे तेवढीच पॉवर काढायची तर इंजिन मोठं हवं, मोठं म्हणजे जड, आणि ते सगळं वजन लटकणार कुठे, तर बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला, ट्रान्समवर म्हणजे मागच्या भिंतीवर. २००१ मध्ये होंडा आणि यामाहा दोघांनी २२५चे व्ही-सिक्स (व्ही आकारात सहा सिलेंडर) आणले, सुझुकीने पुढे २५० आणि २००६ मध्ये पहिलं ३०० काढलं. तिथून पुढची सगळी कहाणी वजनाशी भांडणाचीच आहे.

यामाहापासून सुरू करू कारण इथे फ्लोरिडात दर दुसऱ्या बोटीवर तेच दिसतं. २००७ ला त्यांनी ५.३ लिटरचं व्ही-एट ३५० आणलं होतं, पॉवर भरपूर पण वजन साधारण ३६५ किलो, लहान बोटीच्या मागे लावलं तर नाक आकाशात. मग २०१० च्या ४.२ लिटर व्ही-सिक्समध्ये त्यांनी डोकं लावलं, सिलेंडरमधल्या स्टीलच्या स्लीव्हज काढूनच टाकल्या आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीवर प्लाझ्माने कडक थर चढवला, त्यामुळे ब्लॉकचा आकार न वाढवता बोअर (सिलेंडरची रुंदी) मोठा झाला आणि वजनही उतरलं. एफ-३०० साधारण २५३ किलोचं आहे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पार्ट कुठेही मिळतो आणि विकताना भाव येतो. एक लक्षात ठेवा, ह्यात टायमिंग बेल्ट आहे, १००० तास किंवा पाच वर्षं झाली की त्याचा विचार करावाच लागतो, सेकंडहँड घेताना नेमकं हेच कुणी विचारत नाही.

सुझुकीचा रस्ता मला स्वतःला जास्त आवडतो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे मी झुकतोय असं वाटलं तर माफ करा. त्यांचं ३०० चार लिटरचं आहे, व्ही-सिक्स पण कोन ५५ अंशाचा, त्यामुळे अंगाने सडपातळ, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारं, आणि बेल्टऐवजी तेलात फिरणारी चेन. पण खरी गंमत खाली, पंख्याजवळच्या गिअरकेसमध्ये आहे. यामाहाचा रेशो (पंखा एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं तो) १.७५, सुझुकीचा २.०८. म्हणजे इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) असताना यामाहाचा पंखा साधारण ३४०० ने फिरतो आणि सुझुकीचा २९०० च्या आत. हळू फिरणारा पंखा मोठा लावता येतो, मोठा पंखा पाणी घट्ट धरतो, त्यामुळे जड बोट, आठ माणसं, बर्फाने भरलेले दोन कूलर असं असलं तरी बोट पटकन पाण्यावर चढते. २०१७ च्या ३५० मध्ये तर त्यांनी एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखेच दिले. तोटा वजनाचा, ३०० साधारण २९० किलो भरतं. बोट जुनी असेल आणि मूळ टू-स्ट्रोकसाठी बांधलेली असेल तर मागचे स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं) पाण्याखाली जातात का ते आधी बघा, यामाहापेक्षा ३७ किलो जास्त म्हणजे एक शाळकरी पोरगा कायमचा मागे बसवल्यासारखं आहे.

मर्क्युरी म्हणजे जरा नाटकी मंडळी. सगळे इंजिन मोठं करत होते तेव्हा २००४ मध्ये ह्यांनी व्हेराडो काढलं, फक्त २.६ लिटर, सहा सिलेंडर एका रांगेत, आणि वरून हवा कोंबणारा सुपरचार्जर. एका रांगेत असल्यामुळे अंगाने अरुंद, दोन-तीन शेजारी शेजारी छान बसतात, थ्रॉटल दाबला की ढकलणं वेगळंच. पण ३००ला कंपनी प्रीमियम पेट्रोल सुचवते आणि मरीनावर प्रीमियम म्हणजे खिशाला किती चाट ते ज्याने भरलंय त्यालाच माहीत, शिवाय वर सुपरचार्जर असल्याने मेकॅनिकही ओळखीचाच लागतो. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच पलटी मारली, सुपरचार्जर काढून ४.६ लिटरचा व्ही-एट आणला आणि तो साधं ८७ ऑक्टेन पितो. वजन २३९ किलो, पण हा आकडा छोट्या २० इंची शाफ्टचा (इंजिनाचा पाण्यात उतरणारा पाय) आहे, तुमच्या बोटीला २५ इंची लागेल म्हणजे थोडं वर धरा. तरीही ह्या यादीत हलकं हेच, आणि काउलवर छोटं झाकण आहे त्यातून तेल बघता येतं, ऐकायला किरकोळ वाटतं पण लाटांवर डुलताना अख्खं काउलिंग उचललेल्या माणसाला विचारा.

त्यांचं २०२१ चं व्ही-ट्वेल्व्ह ६०० मात्र तुमच्या-माझ्यासाठी नाही. ७.६ लिटर, दोन स्पीडचा ऑटोमॅटिक गिअर, वळताना वरचं इंजिन जागेवर आणि फक्त खालचा गिअरकेस वळतो, कमाल आहेच. पण हिशोब करा, एकटं ५७२ किलो, आणि दोन व्ही-एट ३०० मिळून ४७८. ते चाळीस-पन्नास फुटी बोटींसाठी आहे, जिथे आधी चार-पाच इंजिनांची रांग लावायला लागायची.

होंडाचं थोडक्यात. गाडीच्या व्ही-सिक्सवरून बनवलेलं २२५, नंतर ३.६ लिटरचं २५०, शांत, साधं पेट्रोल, पण मग वर्षानुवर्षं २५० च्या पुढे गेलेच नाहीत, आणि २०२३ मध्ये एकदम पाच लिटर व्ही-एटचं ३५० दाखवलं. तुम्हाला बरोबर ३०० हवं असेल तर एकतर कमी घ्या नाहीतर जास्त. २५० वर भागत असेल आणि जवळ चांगला होंडावाला असेल तर नाही म्हणू नका.

पेट्रोलवर फार भांडू नका. पूर्ण थ्रॉटलला ढोबळमानाने एचपीचा (हॉर्सपॉवरचा) दहावा भाग गॅलन ताशी धरा, म्हणजे ३०० ला तीसेक, नवीन इंजिनं त्याच्या थोडी खाली, आणि क्रूझला (आरामात चालवताना) ह्याच्या निम्म्याच्या आसपास. ब्रँडपेक्षा पंखा चुकीचा असेल तर जास्त नुकसान होतं. फुल थ्रॉटलला, नेहमीच्या वजनासकट, यामाहा ५००० ते ६००० आरपीएममध्ये आणि सुझुकी ५७०० ते ६३०० मध्ये पोचलं पाहिजे, नाही पोचलं तर कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे सरकणारा) पंखा लावा. आमच्या मालवणात ९.९ एचपीचं मशीन होडीला लावणारा माणूसही पंखा बदलून बघतो, आणि इथे लोक तीस हजार डॉलरच्या आसपास घालून डीलरने लावला तोच पंखा दहा वर्षं फिरवतात.

मी निवड कशी करेन विचाराल तर, बोट जड आणि माणसं जास्त असतील तर सुझुकी, बोट हलकी किंवा जुनी असेल तर मर्क्युरीचा व्ही-एट, आणि चार-पाच वर्षांत विकायचीच असेल तर यामाहा. जुनं सुपरचार्जरवालं व्हेराडो स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका, कॉम्प्युटरला जोडून तास आणि कुठल्या आरपीएमला किती चाललं ते प्रिंट करून मागा, देत नसेल तर तिथूनच परत या. आणि घरापासून अर्ध्या तासात ज्याचा चांगला मेकॅनिक आहे त्याला माझ्या ह्या सगळ्या यादीपेक्षा वरचा नंबर द्या. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा हे सांगायला नको, पण मी स्वतः पहिल्या वर्षी आळस केला आणि थर्मोस्टॅट मिठाने जाम झाला, त्यात इंजिनाची काही चूक नव्हती.

मित्राने शेवटी सुझुकी घेतलं. काल पहिल्या ट्रिपहून फोटो आला, पाच माणसं, दोन कूलर, फुल थ्रॉटल आणि टॅकोमीटरवर (आरपीएमच्या काट्यावर) ५४००. पंखा बदलायला लागणार.