वीस मिनिटांत दुरुस्त झालेले प्रमाणपत्र

बालरोगतज्ज्ञ म्हणून नऊ वर्षे दुसऱ्यांच्या रुग्णालयांत नोकरी केल्यानंतर ठाण्यात घोडबंदर रोडवर स्वतःचा दवाखाना काढायचे ठरवले आणि पहिले मूल तपासण्यापूर्वीच १,६५,००० रुपये गमावून बसले. हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण परवाने काढून देतो म्हणून माझे पैसे घेणारा तो गृहस्थ आज दुसऱ्या कुणा डॉक्टरच्या रिकाम्या गाळ्यात टेप घेऊन मापे घेत असेल.

परवान्यांची कामे ‘पॅकेज’मध्ये करून देणारी माणसे कशी असतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्याकडे तो महाविद्यालयातील एका सीनियरच्या ओळखीने आला. गाळ्याचे ५८,००० रुपये भाडे सुरू झाले होते, रुग्णालयातला नोटिस पिरियड संपत नव्हता आणि पाडव्याच्या उद्घाटनाची निमंत्रणे छापून झाली होती. अशा वेळी कार्यालयांचे उंबरठे मी कधी झिजवणार होते? टोकनचे २५,०००, शुश्रूषागृह नोंदणीचे ६०,०००, जैववैद्यकीय कचऱ्याच्या मंजुरीचे ३८,५०० आणि अग्निशमन दाखल्याचे ४१,५०० रुपये मी चार हप्त्यांत दिले. सगळे एका महिलेच्या वैयक्तिक खात्यावर गेले. ती त्याची ‘अकाउंटंट’ होती म्हणे. सरकारी शुल्क कुणाच्या खासगी खात्यात जात नसते, एवढे तरी मला कळायला हवे होते.

खरा क्षण मात्र पुढे आला. एका शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता त्याने प्रमाणपत्रे व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांत गाळा क्रमांक १४ ऐवजी ४ पडला होता. मी फोन केला, तर म्हणाला, ‘‘मॅडम, टायपिंग मिस्टेक आहे, लगेच करून घेतो.’’ वीस मिनिटांत दुरुस्त प्रत आली. तीच सही, तोच शिक्का, फक्त १ चा आकडा शेजारच्या ४ पेक्षा किंचित जाड. राज्य शासनाची कार्यालये २०२० पासून शनिवारी बंद असतात. रक्ताच्या रिपोर्टवर तारीख जुळली नाही तर तो परत पाठवणारी मी, त्या रात्री ‘‘थँक्यू, फार तत्पर आहात’’ असे लिहून झोपले. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

बिंग फोडले ते कचरा उचलणाऱ्या संस्थेतील मुलीने. ती म्हणाली, ‘‘प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कचऱ्याच्या मंजुरीचा अर्ज करताना आमच्या सदस्यत्वाचा दाखला जोडावा लागतो. तो आम्ही तुम्हाला अजून दिलेलाच नाही, मग मंजुरी आली कुठून?’’ आणि जाता जाता विचारले, ‘‘तुमच्याकडे बेडही नाहीत ना?’’ नव्हतेच. १९४९ चा नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहांसाठी आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणाऱ्या दवाखान्याला ती नोंदणी लागत नाही. मी ६०,००० रुपये अनावश्यक कागदाच्या बनावट प्रतीसाठी मोजले. कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तर खाटा नसलेल्या दवाखान्याला मंजुरी एकदाच घ्यावी लागते, आणि हा मात्र माझ्याकडून पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाचेही बोलून ठेवत होता. नियम आधी स्वतः वाचा, मग माणूस शोधा.

यापुढचा मनस्ताप वेगळाच. पोलीस ठाण्यात सांगितले की पैसे तुम्हीच दिले, ही दिवाणी बाब आहे. सायबर कक्षात सांगितले की माणूस समोर येऊन भेटला होता, मग हा सायबर गुन्हा कसा? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा शेवटच्या हप्त्याला २३ दिवस उलटून गेले होते. तुम्ही पहिल्या तासातच करा. बँकेने व्यवहार तुमच्याच पिनने झाला आहे, असे कळवले. ज्या कार्यालयाच्या नावाने कागद बनवला होता तेथील लिपिकाने सही आमची नाही, असे तोंडी मान्य केले. लेखी मागितल्यावर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, म्हणाला. बनावट शिक्क्याचा राग ज्यांना यायला हवा त्यांनाच येत नसेल, तर तक्रारदाराने जायचे कुठे? चौथ्या फेरीत एका अधिकाऱ्याने ‘‘मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या...’’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले. उरलेले मी घरी येईपर्यंत पूर्ण करत होते.

फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते, हे वकिलाकडून कळल्यावर पाचव्या फेरीत पोलीस ठाण्यात लेखी अर्ज नेला. त्यांनी तो ठेवून घेतला आणि माझ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. शिक्क्याखाली तारीख घातलेली नाही, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आले.